उजव्या कानातला आवाज

बाबांचं पत्र आणि पास्टर अप्पारावांचा फोन एकाच आठवड्यात आले. बाबांनी लिहिलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, हैदराबादला ऑपरेशन करून घ्यावं म्हणतो, महिनाभर तुमच्याकडे राहिलो तर चालेल का, ते रविवारपर्यंत गावातल्या दुकानावर फोन करून कळव. पत्र माझ्या नावावर होतं, कारण अंबरपेठच्या आमच्या घराचं भाडं आता मी भरते. आईने ते वाचून टीव्हीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुझं घर, तू ठरव. मी काही बोलणार नाही." आई असं म्हणाली की तिला काय हवंय ते मला बरोबर कळतं. तसंही माझं ठरलेलंच होतं. नाही म्हणायचं.

बाबांवर माझा राग होता आणि तो अकरा वर्षं जुना होता. रागाच्या बाबतीत मी चिवट आहे. अठ्ठ्याण्णव साली ते कारखान्यातून व्हीआरएस घेऊन देगलूरजवळच्या आमच्या गावी निघाले, तेव्हा "तुम्ही दोघी पण चला" म्हणाले होते. मी दहावीला होते. "खोटारड्या माणसाबरोबर मी कुठे येणार नाही," असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. ते एक ट्रंक घेऊन एकटेच गेले, आणि बसस्टँडवर सोडायलाही मी गेले नाही.

त्या रागाचं मूळ एका पिक्चरमध्ये आहे. तो पिक्चर जगाच्या अंतावर आहे आणि त्यात माझा आवाज आहे, असं ऑफिसात सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावतात.

ब्याण्णव सालची गोष्ट. पास्टर अप्पारावांनी शामीरपेटकडे कुठेतरी तेलुगूत तीन व्हिडिओ पिक्चर काढले होते. येशू येतो, त्याच्यावर विश्वास ठेवणारे सगळे एका क्षणात वर उचलले जातात आणि बाकीचे खाली राहून हाल काढतात, अशी तिन्हींची गोष्ट. त्यांना ते नांदेड, देगलूर, बिदरकडच्या खेड्यांत दाखवायचे होते, म्हणून मराठीत आवाज भरायचे होते. सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या वर हिम्मतरावांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली. मधे काच, काचेच्या अलीकडे बूथ, म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि एक माइक, पलीकडे अंधारात हिम्मतराव आणि त्यांचं टेपमशीन. बाबांचं मराठी चांगलं म्हणून रविवारी रविवारी त्यांना बोलावणं यायचं. पुढे आईलाही बोलावलं; नंतर जाहिरातींना आवाज देणं हेच तिचं काम झालं. मग एका छोट्या मुलीचा आवाज लागला आणि मीही गेले.

आम्ही देवदेव करणारी हिंदू माणसं, पण बाबा म्हणायचे, काम आहे, चांगल्या शब्दांचं काम आहे. मी इंग्रजी शाळेत होते, मला मराठी वाचता येत नव्हतं. बाबा माझ्याजवळ उकिडवे बसून एकेक वाक्य हळू म्हणायचे आणि मी ते तसंच्या तसं म्हणायचे. श्वास कुठे घ्यायचा तेही ते बोटाने दाखवायचे. बाबा जे सांगतील ते बरोबरच असणार, असं मला तेव्हा वाटायचं. घरी मी आईकडे फिरकायचेसुद्धा नाही. उठले की बाबा, झोपले की बाबा.

माझा सीन असा होता. मुलगी शाळेतून घरी येते, स्वयंपाकघरात आईची साडी जमिनीवर पडलेली, पोळी तव्यावर जळतेय आणि आई नाही. मुलीला कळतं, आई वर उचलली गेली आणि आपण राहिलो. ती घरभर "आई, आई" करत रडते. सकाळपासून माझं पंधरा-वीस वेळा रडून झालं होतं आणि दर वेळी हिम्मतराव काचेतून मान हलवायचे. "रडायलीस की गायलीस गं?" असं सूचनेच्या माइकवर विचारायचे. आईचं त्या दिवशीचं काम संपलं होतं. बेगम बाजारला जाऊन तिखटाच्या मिरच्या आणते, असं सांगून ती गेली होती.

दुपारी बाबा बूथमधून बाहेर गेले. मी खाली बसून चिंचोके मोजत होते. थोड्या वेळाने हिम्मतराव आणि बाबा दोघं आत आले. हिम्मतराव माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "त्रिवेणी, आता तुज्या बाबाला खालच्या दुकानात फोन आल्ता. कोठीच्या चौकात बस आली. तुजी आई गेली, बेटा." मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान खाली घातली.

त्यानंतर मी काय केलं ते मला आठवत नाही, पिक्चरमध्ये ऐकूच येतं. एका दमात सीन झाला. काचेतून हिम्मतरावांनी अंगठा वर केला, आणि दोन मिनिटांनी दार उघडून आई आली. हातातली पिशवी रिकामी होती, दुकान बंद होतं म्हणाली. मी तिला जी चिकटले ती चिकटलेच. घरी जाताना रिक्षात मी म्हटलं, "बाबा खोटारडे आहेत." बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणारच. आई माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे. त्यांचं असंच असतंय."

त्या दिवसापासून बाबा वाक्य सांगायला बसले की मी म्हणायचे, खरं की खोटं? ते म्हणाले पाऊस येणार, तरी मी खिडकीतून बघून खात्री करायचे. आधी हे चिडवणं होतं, नंतर सवय झाली. बाबांनी कधी खुलासा केला नाही की माफीही मागितली नाही. त्या माफीची मी वाट बघत होते, हे आज कबूल करते. "चुकलं माय," एवढं म्हणाले असते तरी मी त्यांच्या ट्रंकेवर बसून त्यांना अडवलं असतं.

तर, पास्टर अप्पाराव. ते आता सत्तरीचे आहेत आणि जुने पिक्चर सीडीवर करून घ्यायच्या मागे आहेत. मराठी कॅसेटला बुरशी लागून माझ्या सीनचा आवाज गेला होता. हिम्मतराव वारले होते. मूळ टेपांची पेटी पास्टरांकडे होती, पण कुठल्या टेपवर काय आहे हे मराठी समजणाऱ्यानेच शोधायचं होतं. त्यांनी आईला विचारलं. एरवी कामाला नाही न म्हणणारी माझी आई म्हणाली, घसा बसलाय. मी म्हटलं, मी जाते. "कशाला? मेलेलं काम आहे ते," आई म्हणाली. "त्या पेटीत आता कचरा असेल." मी तरी गेले. खरं सांगायचं तर बाबांना नाही म्हणण्याआधी तो सीन मला एकदा ऐकायचा होता. राग शिळा झालाय का ते बघायचं होतं.

शनिवारी शिफ्टवरून तशीच सुलतान बाजारात उतरले. स्टुडिओच्या जागी आता इंटरनेटचं दुकान आहे. त्याच जिन्यावर मागच्या बाजूला पास्टरांच्या दोन खोल्या. "कूर्चो अम्मा, कूर्चो," म्हणत त्यांनी मला खुर्ची दिली आणि आधी पूर्ण पिक्चर लावला.

मला हसायला आलं, काय करणार. माणसं वर उचलली जातात म्हणजे कॅमेरा बंद करून माणूस बाजूला करायचा, कपडे तेवढे खाली ठेवायचे, पुन्हा कॅमेरा चालू. आकाशातला धूर अगरबत्तीचा. सैतानाच्या ऑफिसात प्लॅस्टिकचं कव्हर घातलेला एक कॉम्प्युटर, आणि ते कव्हर शेवटपर्यंत कोणी काढत नाही. सैतानाची माणसं गळ्यात पट्टी अडकवून नंबराचं कार्ड घालतात आणि कार्ड नसलेल्याला दुकानात तांदूळ मिळत नाही. माझ्याही गळ्यात कंपनीचं कार्ड होतं. दिवसभर मी कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाईप करते, कार्ड दाखवल्याशिवाय मला कँटीनमध्ये चहा मिळत नाही. मी ते काढून पर्समध्ये टाकलं. सैतानाला बाबांचा आवाज होता. किती मऊ बोलले होते ते.

मग माझा सीन आला आणि मुलगी नुसतीच तोंड उघडमीट करत घरभर फिरली. आवाज खरंच गेला होता. "ये रोना सुनके गाँव में लोगाँ उठके खड़े हो जाते थे, अम्मा," पास्टर म्हणाले. "येच होना." हेच पाहिजे.

हिम्मतराव जरी टेप पुन्हा पुन्हा वापरणारे असले तरी पास्टरांच्या टेपा त्यांना पुसू दिलेल्या नव्हत्या. ज्या टेपवर एकदा देवाचं वचन आलं, ती पुसायची नाही, असा पास्टरांचा नियम होता. वाया गेलेलं, चुकलेलं, खोकलेलं, सगळं पेटीत जपून ठेवलेलं. प्रत्येक टेपला दोन बाजू असत. डाव्या बाजूला बूथमधला माइक, उजव्या बाजूला हिम्मतरावांचा सूचना द्यायचा माइक; बूथमध्ये तो बटण दाबलं तरच ऐकू यायचा. पिक्चरमध्ये डावी बाजूच घ्यायची. उजवी कोणी ऐकायचं कारणच नव्हतं, आणि हिम्मतराव तो माइक आणि मशीन बंद करायला नेहमी विसरायचे. मी हेडफोन लावले. चौथी टेप माझी निघाली.

डाव्या कानात मी होते. "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस." चिंचोके मोजत होते. उजव्या कानात दार वाजलं आणि बाबा बोलले.

"हिम्मतराव, आज ऱ्हाऊ द्या. लेकरू दमलंय. उद्या आणतो मी तिला."

"उद्या कुठला एकनाथराव? जाहिरातवाल्यांचा माणूस संध्याकाळच्या गाडीनं आपल्या आवाजांचा नमुना घेऊन मुंबईला चाललाय. हा सीन त्याच्यात पाहिजेच. हे जमलं तर स्टुडिओला जाहिराती अन् वंदनाताईला बारा महिने काम."

मग तिसरा आवाज आला. हा आवाज मी कुठेही ओळखते. कुकरच्या जाहिरातीत, केसांच्या तेलाच्या जाहिरातीत सगळ्या मराठी घरांनी तो ऐकलाय.

"तिला सांगा, आई गेली म्हणून."

"कुठं गेली?" हिम्मतरावांनी विचारलं.

"गेली म्हणजे गेली. कोठीच्या चौकात, बसखाली. दुसऱ्या कशानं ती रडायची नाही."

"येडी झालीस का वंदना?" बाबा म्हणाले. "मी असलं काही करू देणार नाही."

"तुम्हाला काही करायचंच नाही. हिम्मतराव सांगतील, तुम्हाला फोन आला म्हणून. तुम्ही नुसती मान खाली घालून उभे ऱ्हा. तेवढं तरी जमंल का?"

डाव्या कानात मी पन्नासपर्यंत पोचले होते.

"ती परत माझ्यावर विश्वास ठेवायची नाही," बाबा म्हणाले.

"दहा वर्षांची आहे हो. जेवायच्या आत विसरंल."

डाव्या कानात मी नव्वदपर्यंत गेले. मग दार, मग डाव्या कानात हिम्मतरावांचं ते वाक्य, आणि मग मी. मी ज्या आवाजात रडले तो मला सहन होईना, पण हेडफोन काढता येईना, कारण उजव्या कानातही कोणीतरी होतं. हिम्मतरावांनी मशीनपाशी परत येऊन हळू विचारलं, "बस का ताई? थांबवू?"

"नका थांबवू," आई म्हणाली. "चांगलं चाललंय. अजून थोडं होऊ द्या."

आमच्या कामात नियम आहे. शब्द लागला नाही तर तीनदा ऐकायचं, तरी नाही लागला तर जागा कोरी सोडायची. मी तीनदा ऐकलं. कोरी सोडावी अशी जागा कुठेच नव्हती. काचेच्या पलीकडे दहा फुटांवर माझी आई जिवंत बसून तिच्या मरणाचं माझं रडणं ऐकत होती आणि तिला ते अजून थोडं हवं होतं. मी पास्टरांच्या बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं.

"दोरिकिंदा अम्मा?" पास्टरांनी विचारलं. सापडलं का.

"सापडलं," मी म्हटलं. "डावी बाजू घ्या. उजवीकडे काही नाही."

घरी गेले तर आई मेथी निवडत बसली होती. घसा अगदी खणखणीत होता. मी चप्पलही न काढता विचारलं, "त्या दिवशी मिरच्यांचं दुकान खरंच बंद होतं का?"

आईने लगेच ओळखलं. तिने विचारलं, "ती टेप अजून आहे?"

"आहे."

ती मेथी निवडत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर नाही म्हणेल. तिने दोन्ही केलं नाही. "मी कधी म्हटलं का, बाबांनी सांगितलं म्हणून?" ती म्हणाली. "रिक्षात तूच म्हणालीस. मी नुसती गप्प बसले."

"अकरा वर्षं?"

"त्या कामावर हे घर चाललं त्रिवेणी. तुझी कॉलेजची फी, ह्यांचा कारखाना सुटल्यावर सगळं. आणि खरं सांगू?" तिने पहिल्यांदा वर बघितलं. "आधी तू माझ्याकडे येतच नव्हतीस. सारखं बाबा-बाबा. त्या दिवशी पहिल्यांदा तू मला सोडेनास. मग मला सांगवेना."

ती हे इतकं साधं बोलली की मला तिच्या हातातली मेथी हिसकावून फेकावीशी वाटली. माझं सगळं लहानपण मी ह्या बाईच्या बाजूने भांडले होते. बाबांच्या ताटात मी मुद्दाम शेवटी वाढायचे. त्यांची पत्रं मी तिला वाचायला द्यायचे, स्वतः वाचायचे नाही. आणि तिने ते सगळं घेतलं, रोज, आवडीने. "तू मला फसवलंस," मी म्हटलं. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी पण फसवलंच की. मान कोणी घातली खाली?"

मी तशीच बाहेर पडले. घरात फोन होता, पण तिच्यासमोर मला बोलायचं नव्हतं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरून काचेचं दार लावलं आणि गावातल्या दुकानाचा नंबर फिरवला. बाबांना बोलवायला माणूस गेला. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. उद्याच या. मी घ्यायला येते. आधी फक्त एक विचारायचं होतं, त्यांच्या तोंडून एकदा खरं ऐकायचं होतं.

"बाबा, स्टुडिओत त्या दिवशी, आई गेली असं सांगायचं कोणी ठरवलं होतं?"

"का गं माय, आज मधेच?"

"सांगा ना."

"मीच," बाबा म्हणाले. "पिक्चरसाठी केलं बघ. लई चुकलं माझं. माफ कर मला."

ज्या माफीसाठी मी अकरा वर्षं अडून बसले होते, ती मिळाली, आणि जिने मागायची होती ती घरी मेथी निवडत बसली होती. बाबांना मी आयुष्यभर खोटारडं म्हटलं. त्यांना खोटं बोलताना मी आत्ता पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते फार सफाईने बोलले.

"बाबा, मी टेप ऐकलीय," मी म्हटलं. "उजवी बाजू सुद्धा."

मागे दुकानात कोणीतरी साखर मागत होतं.

"आईला सांगितलंस?"

"सांगितलं. आत्ताच भांडून आले. तुम्ही या बाबा. उद्याच या, आपण डोळे दाखवू, मी रजा घेते."

"नाही जमायचं आता," बाबा म्हणाले.

"का?"

"तुला माहीत नव्हतं तोवर जमलं असतं. आता मी आलो तर तिला माझ्यासमोर ताटावर बसता यायचं नाही. एका खोलीचं घर तुमचं. कुठं जाईल ती?"

"तिची कसली काळजी करता तुम्ही? मी तुम्हाला बोलवतेय. माझं काय?"

"तसं नसतंय माय. मान तर मीच घातली होती ना खाली. मला त्याच वेळी वर करता आली असती. नांदेडला कँप लागतो डोळ्यांचा. तिथं करून घेतो. तू तिच्याशी जास्त भांडू नको."

आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्यासारखं त्यांनीही तिलाच निवडलं. मला काही कळायच्या आत मी त्या बंद पेटीत "बाबा, बाबा" करून ओरडायला लागले होते, आवाज कुठून येत होता ते माझं मलाच कळेना, आणि काचेच्या पलीकडून बूथवाला माझ्याकडे बघत हाताने विचारत होता, झालं का?